फुप्फुसातील गाठ आणि सुईची तपासणी

वऱ्हाडात खोकला लांबला, वजन उतरले आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात पांढरा डाग दिसला, की प्रथम क्षयरोगाचा विचार होतो. तो योग्यच आहे. या भागातून क्षय अद्याप हटलेला नाही. परंतु चित्रातील डाग ही केवळ सावली होय. क्षयाची गाठ, कर्करोग, बुरशीचा संसर्ग, पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण यांची सावली पुष्कळदा सारखीच पडते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तर निदान सोपे होते. ते न सापडता केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू राहिली, तर कर्करोगाच्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. याच्या उलटही घडते. कर्करोग गृहीत धरून घरची मंडळी शेत विकावयास काढतात आणि गाठीत निघतो तो सामान्यतः सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा क्षय. अशा वेळी निवाडा करण्यासाठी गाठीतील ऊतीचा तुकडाच तपासावा लागतो.

छातीत बाहेरून सुई घालून फुप्फुसातील नमुना काढण्याचा प्रयोग जर्मनीत लायडेन यांनी १८८३ मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णावर केला होता. सुई आत कोठे पोहोचली हे त्या काळी दिसत नसे. सी. टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ मध्ये झाली आणि त्याच दशकात हे यंत्र सुईला वाट दाखविण्यासाठीही वापरात आले. रुग्ण जागाच असतो. त्वचा बधिर करून, सांगितल्या वेळी श्वास रोखावयास लावून, सुई फासळीच्या वरच्या कडेवरून आत नेतात; कारण रक्तवाहिन्या खालच्या कडेलगत असतात. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर सोनोग्राफीवरही काम भागते. ती मोठ्या श्वासनलिकेजवळ असेल, तर दुर्बिणीचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

मिळालेल्या नमुन्याचे पुढे काय होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला, की त्यातील क्षयजंतू मरतात आणि ते वाढवून कोणते औषध लागू पडेल हे पाहता येत नाही. म्हणून क्षयाची शंका असल्यास एक भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. नमुना पुन्हा काढण्यापेक्षा ही दुसरी बाटली केव्हाही स्वस्त!

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ हा समज गावोगावी आढळतो. सुईच्या वाटेवर रोग रुजण्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. खरा धोका निराळा आहे. फुप्फुसातून हवा गळून ती छातीच्या पोकळीत साचते. साधारणपणे चार-पाच रुग्णांमागे एकास हे होते. बहुतेकांत ती आपोआप जिरते, काहींना मात्र नळी घालावी लागते. थुंकीतून थोडे रक्तही पडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधीच सांगणे म्हणूनच आवश्यक असते. ती आपल्या मनाने बंद करणेही धोक्याचे.

‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ एवढाच अहवाल आला, तर कर्करोग नाही असे ठरत नाही. सुई गाठीच्या कडेला किंवा मृत भागात गेलेली असू शकते. क्षय किंवा दुसरा निश्चित आजार त्यात सापडला नसेल, तर पुन्हा तपासणी करावी लागते.

अकोल्यास २००२ मध्ये आणि अमरावतीस २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही मेळघाटातील धारणीहून अमरावती घाट ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटर पडते. सुईच्या तपासणीनंतर काही तास रुग्णास निजवून ठेवतात व पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात. हवा क्वचित त्यानंतरही साचते. तेव्हा अशा रुग्णाने त्याच संध्याकाळच्या बसने परतू नये. त्याच्या व सोबतच्या माणसाच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय ग्रामपंचायतीने किंवा आरोग्य सेवकाने तपासणीची तारीख घेतानाच पाहावी. घरी परतल्यावर छातीत कळ आली वा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे आणि सुई लावल्याचे तेथे प्रथम सांगावे.