सूक्ष्मजंतूंकडून लायसीन कसें तयार करवितात?

कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर 'लायसीन' हा शब्द आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. हा पदार्थ काय आहे, तो कसा निपजतो व कोणत्या जनावरास द्यावा, हें न कळतां त्यावर पैसा खर्च करणें बरें नव्हे. म्हणून त्याची थोडी माहिती येथें देत आहों.

प्रथिनें हीं सुमारें २० अमिनो अम्लांचीं बनलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं अम्लें कोंबडीच्या किंवा डुकराच्या शरीरांत तयार होत नाहींत. तीं खाद्यांतूनच मिळावीं लागतात. लायसीन हें त्यांपैकीं एक होय. मका, ज्वारी व बाजरी यांत तें कमी असतें. भुईमुगाच्या पेंडींतहि पुरेसें नसतें. सोयाबीनच्या पेंडींत मात्र बरेंच असतें. एक अम्ल कमी पडलें, म्हणजे बाकीचीं कितीहि असलीं तरी त्यांचा पूर्ण उपयोग होत नाहीं.

जपानांत १९५६ सालीं शुकुओ किनोशिता व त्यांचे सहकारी यांस असा एक सूक्ष्मजंतु सांपडला, कीं जो साखरेपासून ग्लुटामिक अम्ल करून बाहेर टाकतो. त्यास आज कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणतात. या जंतूच्या शरीरांत लायसीन व थ्रिओनीन हीं दोन अम्लें एकाच मूळ द्रव्यापासून होतात; जणूं एका पाटावर दोन शेतें. दोन्ही शेतें भिजलीं म्हणजे पाटकरी दार लावतो. तसेंच दोन्ही अम्लें पुरेशीं झालीं, कीं जंतु काम आवरतो. आपल्या गरजेपलीकडे तो कांहीं करीत नाहीं.

१९५८ सालीं याच मंडळींनीं थ्रिओनीनकडील फांटा तुटलेले जंतु निवडून काढले. त्यांस जगण्यापुरतें थ्रिओनीन व मेथिओनीन बाहेरून मोजून दिलें. एक शेत कधींच भरेना, म्हणून दारहि लागेना. सर्व पाणी लायसीनच्या शेतांत वाहूं लागलें. आतां जंतूच्या आनुवंशिक द्रव्यांत नेमका फेरफार करून तें दारच लागूं नये अशी योजना करितात. ऊंसाची मळी किंवा मक्याच्या पिठूळ भागापासून केलेली साखर, नत्रासाठीं अमोनिया व भरपूर हवा देऊन मोठ्या टाक्यांत हे जंतु वाढवितात. नंतर त्या द्रवांतून लायसीन वेगळें करून वाळवितात.

बाजारांत तें बहुधा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपानें येतें. अशा शुद्ध क्षाराच्या १०० किलोंत लायसीन सुमारें ८० किलो असतें. दर ताडून पाहतांना हें ध्यानांत ठेवावें.

गाई-म्हशींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या पहिल्या पोटांतील जंतु स्वतःच अमिनो अम्लें तयार करितात, आणि वरून घातलेलें साधें लायसीन बहुतांशीं तेथेंच मोडून टाकतात. म्हणून कोंबड्यांसाठीं आणलेलें लायसीन म्हशीच्या आंबोणांत घालणें म्हणजे पैसा वायां घालविणें होय. कोंबड्यांसहि तें देण्यापूर्वीं खाद्यांत सोयाबीनची पेंड किती आहे तें पाहावें. उणीव असेल तेवढीच भरून काढावी.