कानातली टकटक, लॅपटॉपचा ताप

आखाजीच्या, म्हणजे खान्देशातल्या अक्षय तृतीयेच्या, महिनाभर आधीपासून माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते. विशी-बाविशीतला मुलगा, डोळे जाग्रणाने तांबारलेले. म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मना कानमा टकटक वाजस." सणाआधी अहिराणी गाणी यूट्यूबवर चढवायची असतात. जळगाव असो की धुळं, घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, माईक आणि ऑडिओ इंटरफेस मांडून ही मुलं रात्र रात्र हेडफोन लावून बसलेली असतात. मी कान पाहतो. पडदा स्वच्छ, मळ नाही, ऑडिओग्राम व्यवस्थित. "भाऊ, तुना कान चांगला शे," असं सांगितलं की त्याचा चेहरा सैल होतो आणि दुसऱ्याच क्षणी प्रश्न येतो, मग वाजतं काय?

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, पण सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या आज्यांची आखाजीची आणि कानबाईची गाणी ध्वनिमुद्रित करत फिरतो. त्यामुळे ही टकटक माझ्याही कानांनी ऐकलेली आहे. आज तिच्याचविषयी लिहितो, कारण तिच्या मागे लागून मुलं नको ते उपाय करतात. आवाज वाढवतात, कानात लसणाचं कोमट तेल सोडतात, झोप मोडतात.

पहिली तपासणी घरीच करा. हेडफोन काढून शांत खोलीत पाच मिनिटं बसा. टकटक थांबली तर ती कानातली नाही. मग रेकॉर्ड झालेला तुकडा दोनदा ऐका. दोन्ही वेळा त्याच शब्दावर तडतड आली तर ती फाईलमध्येच शिरली आहे आणि तो तुकडा पुन्हा गाऊन घ्यावा लागेल. दर वेळी वेगळ्या जागी आली तर फाईल निरोगी आहे, वाजवतानाच कॉम्प्युटरची दमछाक होते आहे.

ही दमछाक म्हणजे काय? कॉम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही, घास घास करून घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि बफर ६४ ठेवला तर एका घासात ६४ नमुने. म्हणजे साधारण दीड मिलिसेकंदाला एक घास तयार हवा. एकदा जरी उशीर झाला तरी तिथे पोकळी पडते आणि कानाला 'टक' ऐकू येते. मुलं मला टास्क मॅनेजरचा फोटो दाखवतात, "बघा, प्रोसेसर तीसच टक्के चाललाय!" रुग्णही असंच म्हणतो, नाडी ७२ आहे, मग छातीत धडधड का? ७२ ही मिनिटभराची सरासरी झाली. मधला एखादा ठोका चुकला तर तो सरासरीत दिसत नाही, त्यासाठी आम्ही ठोकेन् ठोका नोंदवणारा चोवीस तासांचा होल्टर लावतो. इथेही प्रोसेसरची ताकद भरपूर असते, चुकते ती वेळ. शिवाय माईकच्या ट्रॅकवर ओळीने लावलेले इफेक्टचे प्लगिन बहुधा एकाच कोअरवर एकामागून एक चालतात. बाकीचे कोअर रिकामे बसले तरी त्या एकाचा घास उशिराच तयार होतो.

विंडोजवर होल्टरचं काम 'लेटन्सीमॉन' हे छोटं सॉफ्टवेअर करतं. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो ते नावानिशी दिसतं. पुष्कळदा तो वायफायचा निघतो, म्हणून रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवा. चार्जर लावलेला असू द्या, कारण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला जोडा आणि कंपनीने दिलेला त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा. मात्र एका वेळी एकच बदल करा आणि तपासा. पाच औषधं एकदम दिली तर गुण कशाने आला ते डॉक्टरलाही कळत नाही.

आता आपल्या खान्देशचं खास कारण, आणि माझ्या मते एप्रिल-मे महिन्यांतलं सगळ्यात मोठं. आखाजी ऐन उन्हाळ्यात येते. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ अंशांपुढे जातो आणि धुळ्यातही काही गारवा नसतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. त्यात घरच्या स्टुडिओचा थाट पाहा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या, रिक्षांचे हॉर्न येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद, माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, कूलर बंद. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती चाळीसची असेल तर तो गार काय करणार? प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोहोचला की जळून जाऊ नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. पहिली वीस मिनिटं सगळं सुरळीत आणि मग अचानक तडतड, अशी तक्रार असेल तर मी आधी खोलीचं तापमान विचारतो. तापाच्या रुग्णाकडून कुणी धावण्याची अपेक्षा धरत नाही. लॅपटॉपकडून का धरावी?

त्याच खोलीत माणूसही असतो, हे विसरू नका. बंद खोलीत तासभर जोर लावून गाणाऱ्याचं पाणी झपाट्याने कमी होतं, स्वरयंत्र कोरडं पडतं, आवाज खरखरतो, आणि गायक ती खरखर लपवायला आणखी जोर लावतो. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर टेक अर्धवट सोडून बाहेर या, सावलीत बसा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्या. माणूस बरळू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपत असेल तर त्याला पाजत बसू नका. अंगावर गार पाणी टाका, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

माणूस आणि लॅपटॉप, दोघांनाही लागू पडणारा पहिला उपाय म्हणजे पहाट. पाच ते नऊ या वेळात खोली गार असते, रस्ता शांत असतो आणि झोप झालेली असेल तर गळाही मोकळा असतो. दुसरा उपाय म्हणजे लॅपटॉप आणि इंटरफेस खोलीबाहेर पंख्याखाली ठेवा, माईकची वायर लांब घेऊन आत न्या. माईकची बॅलन्स्ड वायर पंधरा-वीस मीटर सहज चालते, यूएसबीची मात्र पाच मीटरच्या पुढे ताणू नये. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर कधीच ठेवू नका, त्याने हवा आत जाण्याची वाटच बंद होते.

बफर वाढवला की टकटक थांबते, हे या मुलांना माहीत असतं. पण मग स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो आणि गायक अडखळतो. हे अडखळणं खरं आहे. स्वतःचं बोलणं सुमारे दोनशे मिलिसेकंद उशिरा कानावर पडलं की चांगला बोलणाराही तोतरा होतो. दहा-पंधरा मिलिसेकंदांचा उशीरही गायकाला खुपतो, कारण हाडांतून येणारा त्याचा आवाज आधी पोहोचलेला असतो. पण म्हणून बफर ६४ वर आणून प्रोसेसरचा जीव काढायची गरज नाही. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असतं. ते दाबलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरचा फेरा न घेता सरळ हेडफोनमध्ये येतो. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग तेवढं बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येईल. मग बफर ५१२ ठेवा, १०२४ ठेवा, गायकाला फरक पडत नाही. ढोल, संबळ, पावरीचे सॅम्पल वाजवणारे ट्रॅकही फ्रीज करून टाका. तयार झालेला ठेका प्रोसेसरने पुन्हा पुन्हा का शिजवावा?

आणि कान जपा. तडतड नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवत नेण्याची सवय मला सर्वांत जास्त छळते. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. तासाभराने दहा मिनिटं हेडफोन उतरवा. घामेजलेल्या कानात बुरशी लवकर धरते, तेव्हा हेडफोनच्या गाद्या पुसून कोरड्या ठेवा आणि एकमेकांचे इयरफोन वापरू नका. तेल नको, काडी नको. हेडफोन काढल्यावरही टकटक राहिली, किंवा ती नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर डॉक्टरांना कान दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर सकाळची वाट पाहू नका. त्यावरचे उपचार पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

एक गोष्ट माझ्या अगदी मनातली. आपल्या खान्देशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आजही गावोगाव अशा आज्या आहेत, आणि आता उतरवून घ्यायला तुमच्या हातात माईक आहे. पंचाहत्तरीची बाई झोक्यावरचं गाणं एका दमात म्हणते तेव्हा तिला "आजी, परत म्हणा" असं चार वेळा सांगता येत नाही. तिचा श्वास पुरत नाही, आणि दुसऱ्यांदा म्हणताना दोन कडवी सुटतात. तिच्या डोक्यावर हेडफोन चढवूच नका. तिला स्वतःचा आवाज परत ऐकायचाच नाही, मग कमी लेटन्सी, म्हणजे कमी उशीर, हवाय कुणाला? बफर सरळ २०४८ करा, प्लगिन सगळे काढा, वायफाय बंद करा, ओसरीच्या सावलीत बसा. आजी येण्याआधी अर्धा तास रिकामं रेकॉर्डिंग चालवून पाहा. मग तिला पाणी द्या आणि रेकॉर्डचं बटण दाबा.