घरचा चमचा औषधाला चालेल का?

लहान मुलाला ताप आला. डॉक्टरांनी सिरप लिहून दिले आणि चिठ्ठीवर 'एक चमचा, दिवसातून तीन वेळा' अशी सूचना लिहिली. औषध घरी आले. आता चमचा कोणता घ्यायचा? चहाच्या डब्यातला, पोहे खाण्याचा, आमटीचा, की देवघरातली पळी? बहुतेक घरांत जो हाताशी येईल तो घेतला जातो.

आपल्या स्वयंपाकघरातील वस्तू अशा कितीतरी कामांना लावल्या जातात. लाटण्याने गोळी चुरली जाते. विळीवर गोळीचे दोन तुकडे होतात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल भरून ठेवले जाते. जुन्या डावाने फवारणीचे औषध ढवळले जाते. काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु भांडे आपले काम सोडून दुसऱ्या कामाला लागले की दोन गोष्टी हरवण्याची भीती असते. एक म्हणजे माप आणि दुसरे म्हणजे नाव. या दोन्ही गोष्टी हरवल्या तर काय होते, ते आज पाहू.

चमचा म्हणजे किती?

औषधाच्या भाषेत लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर (मिली) आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. दोहोंत तिपटीचा फरक आहे. चिठ्ठीवर नुसते 'चमचा' असे लिहिलेले असेल तर बहुधा ५ मिली असा अर्थ असतो. पण हे डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला ठाऊक असते, घरच्या चमच्याला ते ठाऊक नसते.

ग्रीस देशातील संशोधकांनी २५ घरांतील चमचे गोळा करून त्यांत किती पाणी मावते ते मोजले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लहान चमच्यांत कमीत कमी २.५ मिली आणि जास्तीत जास्त ७.३ मिली पाणी मावले. म्हणजे एकच औषध, एकच चिठ्ठी, पण एका घरातील मुलाला अर्धा डोस मिळाला असता आणि दुसऱ्या घरातील मुलाला जवळजवळ दीडपट. आपल्याकडे तर लग्नात आहेर म्हणून आलेले, यात्रेतून आणलेले आणि बोहारणीकडून घेतलेले चमचे एकाच डब्यात नांदत असतात. त्यांचे माप सारखे असेल अशी अपेक्षाच करता येत नाही. हाच घोळ टाळण्यासाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली की, मुलांच्या पातळ औषधाचा डोस चमच्यात न सांगता फक्त मिलीमध्ये सांगावा आणि लिहावा.

वाचकांनी एक साधा प्रयोग घरीच करून पाहावा. औषधाच्या बाटलीबरोबर मिळालेले मापाचे टोपण घ्या. त्यात ५ मिलीच्या रेघेपर्यंत पाणी भरा आणि ते घरातील तीन वेगवेगळ्या चमच्यांत एकामागून एक ओतून पाहा. एखाद्या चमच्यातून पाणी सांडेल, तर एखादा अर्धाच भरेल. हे पाहिल्यावर या विषयावर अधिक सांगण्याची गरज उरत नाही.

जास्त झाले तर आणि कमी झाले तर

दवाखान्यात असा संवाद वरचेवर होतो:

"आजी, नातवाला औषध किती पाजलंत?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच, डॉक्टरसाहेब. एक चमचा."

"कोणता चमचा?"

"आमचा आमटी खायचा."

यात आजींचा दोष नाही. त्यांनी सांगितलेले तंतोतंत पाळले. माप मात्र त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

तापावरील पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम असा त्याचा एका वेळचा डोस असतो. १० किलो वजनाच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. बाजारात मिळणाऱ्या एका प्रकारच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते. दुसऱ्या प्रकारात तेवढ्याच ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असते. तान्ह्या मुलांसाठी जे थेंब मिळतात, त्यांच्या अवघ्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम असू शकते. हे थेंब ड्रॉपरऐवजी चमच्याने दिले तर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम औषध पोटात जाईल. हा डोस त्या मुलाच्या जास्तीत जास्त डोसाच्या तिपटीहून अधिक झाला. (हे आकडे समजण्यासाठी दिले आहेत. आपल्या मुलाचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.)

पॅरासिटामॉल योग्य मापात सुरक्षित औषध आहे. पण मापाबाहेर गेले, विशेषतः दोन-तीन दिवस सतत जास्त दिले गेले, तर ते यकृताला इजा करते. सुरुवातीला मूल ठीक दिसते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. डोस कमी पडणे हेही बरे नव्हे. जंतूंविरुद्धचे औषध अपुरे गेले तर आजार रेंगाळतो आणि चिवट जंतू टिकून राहतात. मग 'औषध लागू पडले नाही' म्हणून आपण डॉक्टर बदलतो, प्रत्यक्षात चमचा बदलण्याची गरज असते.

पावडरच्या रूपात येणाऱ्या सिरपच्या बाबतीतही हेच आहे. त्यात अंदाजाने वाटीभर पाणी ओतू नये. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंतच भरावे आणि प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवून मगच औषध काढावे. न हलवता काढले तर पहिले डोस पातळ आणि तळाचे डोस दाट होतात. तयार केलेले औषध किती दिवस वापरायचे ते लेबलवर छापलेले असते, त्यानंतर उरलेले टाकून द्यावे.

लाटणे, विळी आणि गोळी

मूल किंवा म्हातारे माणूस गोळी गिळत नाही म्हणून पोळपाटावर ठेवून ती लाटण्याने चुरण्याची पद्धत आहे. काही साध्या गोळ्यांना ते चालते, पण सर्वांना नाही. रक्तदाब, मधुमेह अशा आजारांवरील काही गोळ्या अशा बनवलेल्या असतात की, त्यांतील औषध दिवसभर थोडे थोडे सुटावे. अशी गोळी चुरली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. काही गोळ्यांवर खास लेप असतो, तो पोटातील आम्लापासून औषधाचा किंवा औषधापासून पोटाचा बचाव करतो. तो लेप चुरल्यावर उरत नाही. शिवाय पोळपाटाला चिकटलेली भुकटी पुढच्या पोळीबरोबर घरातील दुसऱ्याच्या पोटात जाते ती वेगळीच.

विळीवर किंवा सुरीने गोळी कापली तर दोन सारखे तुकडे क्वचितच होतात. ज्या गोळीच्या मधोमध रेघ असते ती त्या रेघेवर मोडता येते. रेघ नसेल तर दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोडू नये. बहुतेक वेळा त्याच औषधाची कमी शक्तीची गोळी किंवा सिरप मिळू शकते.

जेथे घरचे माप उपयोगी पडते

स्वयंपाकघरातील मापाला औषधपाण्यात स्थानच नाही असे मात्र नव्हे. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत गेल्या आणि जुलाबावर द्यायचे मीठ-गुळाचे पाणी त्यांनी आयांना शिकवले. माप होते तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. पण हे माप आधी तपासून घेतले होते. प्रत्येक आईकडून ते स्वतःच्या हाताने करवून घेतले जाई आणि नंतर तिने केलेल्या पाण्याचे नमुनेही तपासले जात. हात घरचाच होता, पण मोजलेला होता.

त्याआधी १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मोजून पाण्यात मिसळला व तो रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. मोजलेल्या मिठाचे हे सामर्थ्य आहे. तेच मीठ अंदाजाने जास्त पडले तर बाळाच्या रक्तातील क्षार वाढून झटके येऊ शकतात.

म्हणून जुलाब झाल्यास शक्यतो ओआरएसचे पाकीट वापरावे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच, म्हणजे मोठ्या पाकिटाला १ लिटर, पाणी घ्यावे. तांब्या किंवा फुलपात्र हे लिटरचे माप नव्हे. दुधाचे लिटरचे स्वच्छ माप किंवा पिण्याच्या पाण्याची १ लिटरची बाटली चालेल. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव घेऊन पाहावी, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. तयार पाणी २४ तासांत संपवावे.

हे पाणी बाळाला घोट घोट पाजायला मात्र घरचा कोणताही स्वच्छ चमचा चालतो. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे: मोजायला मापाचे टोपण, पाजायला हवा तो चमचा.

हरवलेले नाव

आता दुसरी गोष्ट, नावाची. शीतपेयाच्या बाटलीत फिनेल, थिनर, रॉकेल, संडास धुण्याचे अ‍ॅसिड किंवा शेतावरचे कीटकनाशक भरले की त्या बाटलीवर जुनेच नाव राहते. मोठ्यांना आत काय आहे ते माहीत असते, पण तहानलेल्या मुलाला बाटली ओळखीची वाटते आणि ते ती तोंडाला लावते.

उलट प्रवासही तितकाच घातक आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथील शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तपास अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले होते. डबा धुतला म्हणजे तो स्वयंपाकाच्या लायक झाला असे होत नाही.

असा अपघात झाल्यास बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरते आणि अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग धुवावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा रुग्णाला ताबडतोब जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि ती बाटली किंवा डबा बरोबर घ्यावा. काय पोटात गेले हे कळल्यावर उपचाराला दिशा मिळते.

हे करावे

१. डॉक्टरांना 'किती मिली?' असे विचारावे आणि चिठ्ठीवर तसे लिहून घ्यावे.
२. ज्या बाटलीचे टोपण किंवा ड्रॉपर असेल, तो त्याच बाटलीसाठी वापरावा. टोपण हरवल्यास दुकानातून मापाचे टोपण किंवा बिनसुईची सिरिंज घ्यावी.
३. टोपण सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या रेषेत पाहून औषध मोजावे.
४. औषधाची बाटली नवीन आणली की शक्ती तीच आहे ना, हे लेबलवर तपासावे.
५. गोळी चुरण्यापूर्वी किंवा मोडण्यापूर्वी विचारावे.
६. विषारी वस्तू मूळ डब्यातच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात.
७. फवारणीला किंवा फिनेलला लावलेला डाव, मग, बादली पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. त्यांवर लाल रंगाची खूण करावी. कीटकनाशकाचा रिकामा डबा घरात कशालाही वापरू नये.

मापाच्या टोपणाला वेगळे पैसे पडत नाहीत, ते औषधाच्या खोक्यातच असते. पुढच्या वेळी खोके फेकण्यापूर्वी ते बाहेर काढून, धुऊन, बाटलीवर घालून ठेवावे.