आस बारीक करण्याआधी

चि. निनाद,

पापलेटची नवी जाळी आणखी बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची, घ्यावीत का, असं तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नकोस. बारीक आसात जास्त म्हावरं येतं हे डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याच्या, बाबतीत खरं. तिथे भरती-ओहोटीची ओढ सगळं पिशवीच्या टोकाशी लोटते. पापलेटच्या दालदीचं, म्हणजे उभ्या पडद्यासारख्या जाळ्याचं, तसं नाही. तिथे मासा स्वतःच आसात डोकं घालतो. आसाचा घेर डोक्याहून मोठा आणि अंगाच्या सर्वांत जाड भागाहून लहान असेल, तरच तो कल्ल्यांपाशी अडकून राहतो. म्हणजे प्रत्येक आसाला माशाचं ठरावीक माप असतं, त्याहून पाचव्या हिश्श्याने लहान किंवा मोठा मासा क्वचितच सापडतो. आस बारीक केलास की लहान मासे वाढतील, पण मोठं पापलेट तोंड आपटून वळेल. आणि लांबी दीडपट झाली की वजन तिपटीहून जास्त होतं. शिवाय मोठ्याचा किलोचा भावही चढा. डिझेल, बर्फ, खलाशांची मेहनत मात्र तीच.

शेजारच्या बोटी पिल्लं उचलतातच, मग आपणच का सोडायची, असं तू म्हणशील. त्यांनी उचललेल्या पिल्लांचं नुकसान तुलाही सोसावं लागतं, हे खरं. पण आस बारीक करून ते भरून निघत नाही. स्वस्त मालासाठी तू त्यांच्याशी झुंजशील आणि उरलेला मोठा मासाही घालवशील. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान माप ठरलं, तेव्हा लहान मालाला कायद्याचीही अडचण आहे. मोठा मासाच उरला नाही, ही दुसरी शंका मला जास्त रास्त वाटते. मोठा आस ठेवलास तर काही आठवडे जाळी रिकामी येतील. त्या दिवसांसाठी बांगड्याचं जाळं वेगळं ठेव आणि बांगड्याच्या थव्यावरच टाक. त्या आसात अडकणारा बांगडा वाढलेला असतो, पण त्याच आसातलं पापलेट पिल्लू असतं.

जाळं दोरीवर भरतानाही लक्ष दे. शंभर मीटर ताणलेलं जाळं पन्नास मीटर दोरीवर भरलं की आस उभट राहतो, आणि पापलेटचं अंग उभं-चपटं असल्याने तो आस त्या अंगाला बरोबर बसतो. त्याहून सैल भरलंस तर नको ते गुंतेल, आणि सोडवण्यात वेळ जाईल. दुकानात आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर स्वतः पट्टीने मोज. काही जण लगतच्या दोन गाठींमधलं माप सांगतात, ते बरोबर निम्मं भरतं.

तुझा,
काका