तोच पगार, पण करारावर?

भोसरीतल्या एका डिझाइन इंजिनिअरला साडेचार वर्षांनंतर कंपनी म्हणते, राजीनामा द्या आणि त्याच रकमेवर सल्लागार म्हणून या. परवडेल का, असा त्याचा प्रश्न आहे.

त्याच रकमेवर? मुळीच नाही. कंपनीचा १२ टक्के पीएफ, भरपगारी रजा, आरोग्यविमा हे सारे आता त्याच्याच खिशातून जाणार. शिवाय पाच वर्षांआधी राजीनामा म्हणजे ग्रॅच्युइटीवर पाणी. सहा महिने थांबलेले बरे!

करात मात्र सोय आहे. वार्षिक ५० लाखांपर्यंतच्या फीपैकी निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. २० लाखांपुढे जीएसटी नोंदणी लागते.

खरी कटकट बिलांची. ‘साहेब सही करतील, मग बघू’ हे अकाउंट्सचे ठरलेले उत्तर. त्यावर उपाय म्हणजे लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी; ती मोफत होते. ती असली की बिल चुकवण्याची करारातली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते.