दमट उन्हाळा, घरातला एसी आणि आपला हिशेब

उन्हाळा लागला की आपल्या मोहल्ल्यात घरोघर एकच प्रश्न निघतो. यंदा एसी घ्यायचा की नाही? मुले म्हणतात घ्या. बुजुर्ग म्हणतात, आमचे आयुष्य पंख्याखाली गेले. घरधनी मात्र बिलाचा विचार करून गप्प बसतो. भिवंडी, मुंब्रा, कुर्ला, पनवेल, महाड येथे राहणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय नुसत्या चैनीचा राहिलेला नाही. रात्री झोप झाली नाही तर सकाळी मागावर हात चालत नाही, शिलाई मशीनवर सुई बोटात जाते आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना तोल सुटतो. म्हणून हौस आणि भीती दोन्ही बाजूला ठेवून, धंद्यातील इतर बाबींप्रमाणे हा प्रश्नही हिशेबाने सोडवावा असे आम्हांस वाटते.

उष्णता वेगळी, दमटपणा वेगळा

मालेगावचा उन्हाळा आणि भिवंडीचा उन्हाळा एक नव्हे. मालेगावात पारा ४२ वर जातो, पण हवा कोरडी असते. भिवंडीत पारा ३५ वरच थांबतो, तरी जीव नकोसा होतो. याचे कारण घामात आहे. आपले शरीर घाम बाहेर टाकते आणि तो घाम सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. परंतु हवेतच पाणी भरलेले असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग गार होत नाही, फक्त शरीरातील पाणी व मीठ कमी होते.

हे मोजण्याची सोपी रीत कापड गिरण्यांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. दोन थर्मामीटर शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला मलमलचे ओले फडके गुंडाळावे व त्यावर पंख्याची हवा येऊ द्यावी. कोरडा थर्मामीटर हवेची उष्णता दाखवतो आणि ओला थर्मामीटर घाम सुकून अंग कुठवर गार होऊ शकेल ते दाखवतो. मालेगावात ४२ अंश व १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर सुमारे २२ दाखवील. भिवंडीत ३५ अंश व ७० टक्के आर्द्रता असेल तर तो ३० च्या आसपास राहील. म्हणजे पारा कमी असूनही शरीरावरचा बोजा भिवंडीत जास्त आहे. ओल्या थर्मामीटरने ३५ दाखवले तर धडधाकट माणूसही सावलीत फार तास तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले होते. २०२२ मध्ये तरुण व निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच आढळली. बुजुर्ग, आजारी व तान्ही मुले यांची ताकद त्याहूनही कमी असते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. पारा त्या दिवशी ४० च्या आतच होता. तेव्हा केवळ पारा पाहून बेफिकीर राहू नये.

यावरूनच कूलरचा प्रश्नही सुटतो. कूलर पाणी सुकवून हवा गार करतो. तो मालेगाव, जळगाव, नागपुरात कामाचा आहे. तेथे वाळ्याचा पडदाही चांगला गारवा देतो. भिवंडी, मुंबई व कोकणात मात्र कूलर हवेत आणखी पाणी सोडतो आणि उकाडा वाढवतो. स्वस्त मिळाला म्हणून किनारपट्टीवर कूलर घेणे हा घाट्याचा सौदा आहे.

एसीचा जन्म माणसासाठी झाला नाही

आपल्या धंद्याच्या माणसांनी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत असे व रंग जागेवर बसत नसत. त्यासाठी विलिस कॅरियर या इंजिनिअरने हवेतील पाणी काढणारे यंत्र आखले. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द प्रथम वापरला. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत योग्य ओलावा राखणे, हा त्याचा अर्थ होता. म्हणजे हा शब्दच आपल्या धंद्यातून निघाला.

सुताला ओलावा लागतो हे मागवाल्याला सांगायला नको. हवा कोरडी झाली की ताणा तुटू लागतो, कारण सुती धागा ओलाव्याने मजबूत होतो. म्हणून विणकाम खात्यात आर्द्रता वाढवून ठेवतात. पण जी हवा सुताला मानवते ती माणसाला मानवत नाही. हवेत मुद्दाम ओलावा सोडण्यावर बंधन असावे म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यात १५ वे कलम त्यासाठीच घालण्यात आले होते. छापखान्याचा कागद आणि गिरणीचे सूत यांची सोय आधी झाली, माणसाची पाळी नंतर आली. आज घरात एसी बसवताना ही गोष्ट आठवणीत ठेवावी. त्याचा संबंध पुढे येईल.

एसी घ्यावयाचा असेल तर

पहिली बाब टनाची. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ती ताकद आहे. सुमारे १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन व १५० ते १८० चौरस फुटांस दीड टन हे ढोबळ माप आहे. वर तापणारा स्लॅब असेल तर थोडी जास्त ताकद लागते. मात्र मोठा घेतला म्हणजे बरा, असे समजू नये. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन थंड करून थांबतो आणि हवेतील पाणी तसेच राहते. खोली थंड पण चिकट होते. दमट गावात पाणी काढणे हे एसीचे निम्मे काम आहे. नळीतून ठिबकणारे पाणी हीच त्याची पावती समजावी.

दुसरी बाब विजेची. तारांकित लेबलावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांच्या वापराचे असतात. लेबलावर ८०० युनिट असतील तर तासाला सरासरी अर्धा युनिट पडतो. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी बंद खोलीत २६ अंशांवर रात्री आठ तास चालवला तर चार ते पाच युनिट, म्हणजे महिन्याला १२० ते १५० युनिट धरावेत. जुना साधा एसी त्याच कामाला याच्या जवळजवळ दुप्पट घेतो. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला एसी दोन-तीन उन्हाळ्यांत ती बचत बिलातून वसूल करतो.

येथे एक बारकावा आहे. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याने चढतो : १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत व त्यापुढे. घरचा खप २०० युनिट असेल आणि एसीचे १५० वाढले, तर त्यातील शेवटचे ५० युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून एसीचा खर्च काढताना सरासरी दर न धरता वरच्या टप्प्याचा दर धरावा.

तिसरी बाब तापमानाची. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू करताच २४ अंशांवर लागावा असा सरकारी नियम झाला. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ किंवा २७ अंश आणि वर मंद पंखा, हा आमच्या मते सर्वांत किफायतशीर मेळ आहे. १८ अंश लावून अंगावर रजई घेणे म्हणजे दोनदा पैसे खर्च करणे होय.

चौथी बाब खरेदीची. 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी दिसली तर दुकानदारास रोखीचा भाव वेगळा विचारावा. रोखीत दोन हजार कमी होत असतील तर तेच दोन हजार हप्त्याचे व्याज आहे, नाव काहीही असो. आपणही दुकानदार आहोत, ही गोष्ट आपल्याला समजावी लागू नये.

पाचवी बाब जोडणीची. एसीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी व चांगले अर्थिंग हवेच. पंख्याच्या तारेवर एसी चालवू नये. आपल्या जुन्या चाळी व दाट वस्त्या पाहता ही बाब टाळणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. जाळी दर पंधरा दिवसांनी घरीच धुवावी. दरवर्षी गॅस भरावा लागतो ही समजूत चुकीची आहे. गॅस बंद नळीत असतो, तो संपत नाही. कमी झाला तर कोठेतरी गळती आहे. आधी गळती बंद करून घ्यावी, मग गॅस भरावा.

एसीशिवाय राहावयाचे असेल तर

ज्यांना एसी परवडत नाही त्यांच्या हातीही बरेच काही आहे. सर्वांत आधी छप्पर. पत्र्याचे किंवा वरच्या मजल्याचे घर दिवसभर उष्णता पिऊन घेते व रात्री ती खाली सोडते. छतावर चुन्याचे दोन-तीन हात किंवा उन्हाचा पांढरा रंग दिला की ऊन परत फिरते आणि खोली काही अंशांनी उतरते. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण केले. अहमदाबादेत २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ पासून उष्णतेचा जो आराखडा राबविला जातो, त्यातही पुढे पांढऱ्या छतांना जागा मिळाली. चुन्याची एक गोणी एसीच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा स्वस्त पडते.

दुसरे, हवेचा रस्ता. कोकणातील जुन्या घरांत उंच कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि समोरासमोर दारे असत. त्या बांधणीत मोठा हिशेब होता. आजच्या खोलीतही खिडकीसमोरचे कपाट हलवावे आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा. भात व डाळ शिजवताना निघणारी वाफ घरातच कोंडली तर दमटपणा आणखी वाढतो.

तिसरे, पंखा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. जो पंखा दिवसरात्र चालतो तोच आधी बदलावा. दमट हवेत पंखा घाम सुकवण्यास मदत करतो. मात्र कोरड्या गावात पारा ४० च्या वर गेला तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. तेव्हा अंग ओले करूनच पंख्याखाली बसावे.

कपड्याची गोष्ट

येथे आम्ही आमच्या धंद्याचे बोलतो. सुती धाग्यात स्वभावतः सुमारे साडेआठ टक्के ओलावा राहतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून साधे पॉलिएस्टर कापड घाम पीत नाही व अंगाला चिकटते. आम्ही दोन्ही माल विकतो, दोन्हींना गिऱ्हाईक आहे. परंतु उन्हाळ्यात कोणी रात्रीच्या कपड्यासाठी किंवा तान्ह्या मुलासाठी विचारले तर विरळ विणीचे सुती कापडच दाखवावे. मलमल, सुती लुंगी, सुती चादर यांना पर्याय नाही. फोमच्या गादीवर उष्णता अडकते. कापसाची गादी, चटई किंवा नवारीची खाट यांतून हवा खेळते.

एसीमुळे आपल्या बाजारास नवा मालही मिळाला आहे. एसीच्या खोलीत रजई जड होते व चादर अपुरी पडते. तेथे मलमलचे थर असलेली दोहर चालते. अस्तर लावलेले जाड पडदे एसीचे बिल कमी करतात. हा माल उन्हाळ्यापूर्वी भरून ठेवावा. नुसता भाव न सांगता त्याचा उपयोग सांगून विकावा.

कारखाना आणि गल्ली

आता शेवटची व आमच्या दृष्टीने मोठी बाब. एसी उष्णता नाहीशी करीत नाही, ती फक्त बाहेर फेकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना खोलीतील पाच किलोवॅट उष्णता आणि स्वतः खाल्लेली दीड किलोवॅट वीज, अशी साडेसहा किलोवॅटची गरम हवा गल्लीत सोडतो. आपल्या गल्ल्या किती रुंद आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. बाहेरचा डबा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर लावला तर आपला गारवा त्याचा उकाडा होतो. पाच-सहा फूट जास्त नळी लागली तरी चालेल, डबा छतावर किंवा मोकळ्या बाजूस लावावा. शेजाऱ्याचा हक्क नळीच्या खर्चापेक्षा मोठा आहे.

हीच गोष्ट कारखान्याची. मालक एसीत झोपतो आणि कारागीर पत्र्याखालच्या मागावर बारा तास उभा राहून रात्री तेथेच माळ्यावर आडवा होतो. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची आणि त्याच हवेत माणसाने राबायचे, असे हे काम आहे. यात एसीचा खर्च कोणी मागत नाही. पत्र्यावर चुना, भिंतीत हवा बाहेर फेकणारे दोन पंखे, गार पाण्याचा माठ, मीठ-साखरेचे पाणी, दुपारी एक ते चार सुट्टी किंवा पाळी बदल, आणि झोपण्यासाठी हवेशीर जागा, एवढे केले तरी पुष्कळ झाले. भिंतीवर ओल्या-कोरड्या थर्मामीटरची जोडी टांगावी. ओला थर्मामीटर २८ च्या पुढे गेला की कामाचा वेग कमी करून विश्रांती वाढवावी. कारागीर बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, चक्कर येऊन पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगभर पाणी ओतावे, पंखा लावावा व ताबडतोब रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

ज्याच्या घरी बुजुर्ग, हृदयविकारी किंवा तान्हे मूल आहे, त्याने एका खोलीपुरता एसी घ्यावा आणि उकाड्याच्या रात्री सर्वांनी त्याच खोलीत झोपावे. त्यास आम्ही चैन म्हणणार नाही. ज्याच्याकडे तशी गरज नाही, त्याने आधी छप्पर, मग पंखा, मग कपडा, आणि त्यानंतर एसी असा क्रम ठेवावा. आणि ज्याच्या छपराखाली दुसऱ्याचे हात राबतात, त्याने चुन्याची पहिली गोणी घरावर नव्हे, कारखान्यावर चढवावी.