चौकोन काढले, पण अटी कुठे लिहिल्या?



यूएमएल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना सबमिशनचा आठवडा आठवतो. कोड आधी लिहायचा, मग त्यावरून क्लास डायग्राम काढायचा, प्रिंट मारायची आणि जर्नलला लावायची! व्हायव्हात एखादा प्रश्न येतो, सही होते, विषय संपतो. पण या डायग्राममध्ये एक महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते. ती लिहायची भाषा कोणती, ती तपासायची टूल्स कोणी बनवली आणि त्यात आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचा वाटा किती, हे थोडक्यात सांगायचा हा प्रयत्न. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा टेक्निकल मराठी कुठे अडलं तर सांभाळून घ्या.

चित्रात काय मावत नाही?

उदाहरण हॉस्टेलचंच घेऊ. समजा आपल्याला रूम अलॉटमेंटचं सॉफ्टवेअर करायचंय. क्लास दोन : खोली आणि विद्यार्थी. खोलीला क्षमता आहे, विद्यार्थ्याला वर्ष आहे. दोघांमध्ये एक रेघ. एका खोलीत अनेक विद्यार्थी, आणि एक विद्यार्थी जास्तीत जास्त एका खोलीत. डायग्राम अगदी बरोबर आहे.

आता रेक्टर सरांकडे जा. ते दोन नियम सांगतील. एक, क्षमतेपेक्षा जास्त मुलं नकोत. दोन, फर्स्ट इयरच्या मुलांबरोबर सीनियर नकोत. दुसरा नियम नुसता सोयीचा नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालचा आहे, आणि नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असं यूजीसीचे 2009 चे नियम सांगतात.

हा नियम आपल्या डायग्राममध्ये कुठे दिसतो? कुठेच नाही! तो रेक्टर सरांच्या डोक्यात आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो माहीत नसेल तर कॉम्प्युटर एखाद्या नव्या मुलाला बिनदिक्कत तीन सीनियर्सच्या खोलीत टाकेल. एरर येणार नाही, लिस्ट छापून नोटीस बोर्डावर लागेल, आणि त्याचा त्रास त्या मुलाला होईल.

ओसीएल : अटींची भाषा

अशा अटी नेमक्या लिहिण्यासाठी ओसीएल, म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज आहे. 1995 च्या सुमारास आयबीएममध्ये तिची सुरुवात झाली. योस वार्मर आणि स्टीव्ह कुक ही त्यातली मुख्य नावं. 1997 मध्ये यूएमएल 1.1 बरोबर ती स्टँडर्डमध्ये आली. आपले दोन नियम तिच्यात असे दिसतील (टाइप करताना शब्द इंग्रजी अक्षरांत येतील, इथे आपल्या लिपीत देत आहे) :

कॉन्टेक्स्ट खोली
इन्व्ह क्षमतेत : सेल्फ.विद्यार्थी->साइझ() <= सेल्फ.क्षमता
इन्व्ह नवेवेगळे : सेल्फ.विद्यार्थी->एक्झिस्ट्स(व | व.वर्ष = 1) इम्प्लाइज सेल्फ.विद्यार्थी->फॉरऑल(व | व.वर्ष = 1)

'इन्व्ह' म्हणजे इनव्हेरियंट, कायम पाळली गेलीच पाहिजे अशी अट. दुसरी अट वाचा : खोलीत एक जरी फर्स्ट इयरचा असेल, तर सगळेच फर्स्ट इयरचे हवेत. लक्षात ठेवा, ओसीएल डेटा बदलत नाही. अशी अट तपासली की खरं की खोटं एवढंच उत्तर मिळतं.

टूल्स कोणी बनवली?

नुसती अट लिहून काय उपयोग, ती तपासणारं काहीतरी हवं. इथे विद्यापीठं पुढे आली. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात ओसीएलचा कंपायलर तयार झाला, तो एका विद्यार्थ्याच्या पदवीच्या प्रबंधातून. नंतर अनेक बॅचेसच्या मुलांनी त्यात भर घातली. कंपायलर सुट्या भागांत बांधलेला होता, म्हणून इतरांनाही तो आपल्या टूलमध्ये बसवता आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये जन्मलेल्या आर्गोयूएमएलने तसंच केलं. एका देशातल्या मुलांचं काम दुसऱ्या देशातल्या मुलांच्या टूलमध्ये जाऊन बसलं!

दुसरं टूल 'यूज'. ते ब्रेमेन विद्यापीठात प्रा. मार्टिन गोगोला यांच्या ग्रुपमध्ये तयार झालं. मार्क रिक्टर्स यांच्या पीएच.डी.चं काम त्याच्या मुळाशी आहे. ते फुकट आहे, सोर्स कोडही खुला आहे. मॉडेल साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, दोनचार खोल्या आणि विद्यार्थी तयार करायचे आणि 'चेक' म्हणायचं. कोणती अट मोडली ते टूल सांगतं. कोडची एक ओळही न लिहिता!

यातला खरा फायदा वेगळाच आहे. समजा डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला मुलगा फायनल इयरच्या खोलीत टाकला. टूल म्हणेल, अट पाळली गेली. पण तोही हॉस्टेलला नवाच आहे ना? म्हणजे आपला नियमच अपुरा होता. 'वर्ष' नव्हे, 'हॉस्टेलमध्ये नवा आहे का' हे विचारायला हवं होतं. हा प्रश्न मॉडेलवर सुटला तर एक ओळ बदलते. लिस्ट लागल्यावर कळला तर खोल्या बदलाव्या लागतात, आणि तोवर काही घडून गेलं असेल तर ते परत घेता येत नाही.

आणि आपलं पुणे?

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. टाटा कन्सल्टन्सीची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था 1981 पासून पुण्यात आहे. तिथे विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडेलवरून कोड तयार करण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यातून मास्टरक्राफ्ट ही टूल्स आली. पुढे एका मॉडेलचं दुसऱ्या मॉडेलमध्ये रूपांतर करण्याचं क्यूव्हीटी हे स्टँडर्ड ठरत होतं, तेव्हा टाटा कन्सल्टन्सीने लंडनचं किंग्ज कॉलेज आणि यॉर्क विद्यापीठ यांच्याबरोबर मिळून प्रस्ताव दिला होता. 2008 मध्ये क्यूव्हीटी 1.0 प्रसिद्ध झालं, आणि त्याचा पाया ओसीएलच आहे. कंपनीकडे खरे, मोठे प्रश्न असतात. विद्यापीठाकडे नेमकी व्याख्या करण्याची शिस्त आणि वेळ असतो. एकट्याने दोन्ही जमत नाही.

थोडा घरचा अभ्यास

आमचं नांदगाव मनमाड-भुसावळ मेन लाईनवर आहे. स्टेशनवर उभं राहून सिग्नल सगळ्यांनीच पाहिलेत. क्लास घ्या तीन : गाडी, ब्लॉक, सिग्नल. आता अट लिहा : पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असेल तर सिग्नल हिरवा नको. (खरी रेल्वे याहून गुंतागुंतीची आहे, पण सरावाला एवढं पुरे.) मग मुद्दाम गाडी आणि हिरवा सिग्नल एकत्र ठेवा आणि टूल काय म्हणतं ते पाहा.

आणि पुढच्या प्रोजेक्टच्या वेळी एवढंच करा. डायग्राम कोडच्या आधी काढा, आणि त्याखाली निदान पाच अटी लिहा. रेक्टर, मेस मॅनेजर, लायब्ररीचे काका, ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर करताय त्यांच्याशी बोलून लिहा. नियम त्यांना माहीत असतात, नेमकं कसं लिहायचं ते आपल्याला. हेसुद्धा कोलॅबोरेशनच झालं की!